लोकांच्या शाळा, रोझेनवाल्डचं नाव

गेल्या आठवड्यात आपण बुकर टी. वॉशिंग्टन यांची टस्किगी संस्था पाहिली. तिथून तयार झालेले शिक्षक अलाबामाच्या खेड्यापाड्यांत जात, तेव्हा त्यांच्या वाट्याला शाळा म्हणून बहुधा चर्चची खोली येई, नाहीतर एखादं गळकं लाकडी खोपट. दक्षिणेत कायद्यानंच कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. कर दोघेही भरत. काउंटीचं शिक्षण मंडळ पैसा वाटायला बसलं की मात्र तो गोऱ्यांच्या शाळांकडे वळे.

१९१२ मध्ये शिकागोचे ज्युलियस रोझेनवाल्ड पन्नास वर्षांचे झाले. टपालानं माल विकणाऱ्या सीअर्स रोबक कंपनीचे ते प्रमुख आणि टस्किगीचे विश्वस्त. वाढदिवसानिमित्त त्यांनी संस्थेला २५ हजार डॉलर दिले. त्यातली काही रक्कम आसपासच्या खेड्यांत सहा शाळा बांधायला वापरावी, ही सूचना वॉशिंग्टन यांची. पहिली शाळा १९१३ मध्ये लोचापोका या गावात उभी राहिली. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या होत्या आणि ग्रामीण दक्षिणेतल्या दर तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक त्यांत शिकत होता.

या योजनेची खरी ताकद तिच्या अटींत होती. रोझेनवाल्ड पूर्ण खर्च कधीच देत नसत. आधी गावानं वर्गणी, जमीन, लाकूड किंवा श्रमदान उभं करायचं, काउंटीनं आपला वाटा घालायचा, आणि बांधलेली इमारत सरकारी शाळा म्हणून मंडळाच्या नावावर करायची. म्हणजे ज्या मंडळानं या मुलांकडे पाठ फिरवली होती, त्यालाच शाळेची जबाबदारी घ्यावी लागे. देणगीदारानं स्वतःची वेगळी शाळा चालवली असती, तर मंडळ सहज अंग काढून घेऊ शकलं असतं.

पण गावं पैसा आणत कुठून? यातले पुष्कळ लोक दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं कापूस पिकवणारे, वर्षअखेर कर्जात बुडालेले. काही गावांनी कापसाचा एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवला. त्याला ‘रोझेनवाल्ड पॅच’ म्हणत. बायकांनी कोंबडीचं जेवण रांधून विकलं. अशा वर्गणीचा एकूण आकडा सुमारे ४७ लाख डॉलरवर गेला. रोझेनवाल्ड यांच्या निधीचा वाटा होता सुमारे ४३ लाख. राहिलेला बहुतेक खर्च करांच्या पैशातून झाला, आणि त्या करांतही याच लोकांचा घाम होता. एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा किंमत मोजली. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला दुहेरी कर म्हटलं आहे, आणि मला तो शब्द अगदी रास्त वाटतो. शाळांना नाव लाभलं ते शिकागोच्या उद्योगपतीचं. सर्वांत गरीब माणसानं त्याच्यापेक्षा जास्त दिलं होतं, हे विसरून या प्रयोगाचं कौतुक करणं अन्यायाचं आहे.

इमारतींचा विचार बारकाईनं झाला होता. सुरुवातीचे आराखडे टस्किगीचे वास्तुशिल्पी रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखाली तयार झाले. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची रांग ठेवून पूर्व-पश्चिमेचा उजेड वर्गात घेतला जाई.

विभक्त शाळांच्या व्यवस्थेला मात्र या योजनेनं हात लावला नाही. तिच्या चौकटीत राहूनच तिनं काम केलं, आणि ही तिची मोठी मर्यादा होती. तरीही नागरी हक्कांच्या लढ्यातले नेते जॉन लुईस अलाबामातल्या अशाच एका शाळेत शिकले. अर्थतज्ज्ञ डॅनियल एरॉन्सन आणि भास्कर मजुमदार यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ग्रामीण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शैक्षणिक प्रगतीत या शाळांचा मोठा वाटा होता.

निधी कायम साठवून ठेवू नये, आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत सगळा खर्च करावा, अशी रोझेनवाल्ड यांची अट होती. ते १९३२ मध्ये वारले, निधी १९४८ मध्ये संपला. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतली वंशावर आधारलेली विभागणी घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर गावांनी कष्टानं बांधलेल्या या शाळांचं काय झालं, ते पुढच्या भागात पाहू.