इच्छेच्या अंमलाबाहेरील हालचाली

ज्या हालचालींवर माणसाच्या इच्छेचा अंमल चालत नाही, त्यांना समाजाने शतकानुशतके कधी भूतबाधा, कधी पूर्वकर्माचे फळ, तर कधी मद्यपानाचा परिणाम ठरवले आणि रोगाच्या यातनेत लोकापवादाची भर घातली. हा अन्याय दूर करण्यास प्रथम उपयोगी पडले ते शांत निरीक्षण. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे कंपवातावर निबंध लिहिला. स्वस्थ असताना थरथरणारा हात, पुढे झुकलेली काया आणि आपोआप वेग घेणारी पावले ही लक्षणे त्यात बारकाईने नोंदली आहेत. पुढे १८७२ साली बावीस वर्षांच्या जॉर्ज हंटिंग्टनने, वडील व आजोबा यांनी लाँग आयलंडवर पाहिलेल्या कुटुंबांच्या अनुभवाची जोड देऊन, पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या कोरिआ या विकाराचे वर्णन केले.

या विकारांचे प्रकार भिन्न आहेत. कंपात ठरावीक लय असते. कोरिआत हालचाल एका अवयवातून दुसऱ्या अवयवात अनपेक्षितपणे वाहत जाते. डिस्टोनियात स्नायू दीर्घकाळ आखडून मान वा हात पिळवटतो, आणि त्याच्या एका प्रकारात एरवी बिनतक्रार चालणारी बोटे लेखणी धरताच ताठ होतात. मायोक्लोनसमध्ये विजेसारखा झटका बसतो; टिकमध्ये आधी अनावर ऊर्मी दाटते, जी रुग्ण काही काळच दाबू शकतो.

यांपैकी अनेकांचे मूळ मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया या केंद्रकसमूहात आहे. हा समूह मेंदूतीलच थॅलॅमस या भागावर सतत दाब ठेवतो व इष्ट हालचालीपुरताच तो सैल करतो. म्हणजे सुघड हालचालीत प्रेरणेइतकेच निग्रहाचेही कार्य असते. हंटिंग्टनच्या रोगात चौथ्या गुणसूत्रावरील दोषामुळे, ज्याचा जनुक १९९३ साली सापडला, हा निग्रह ढिला पडतो. उलट पार्किन्सनच्या रोगात सब्स्टॅन्शिया नायग्रातील पेशी मरून डोपामिन हे संदेशवाहक द्रव्य घटते, निग्रह अतोनात वाढतो आणि शरीर मंदावते. कंपात लहान मेंदूच्या मार्गांचाही वाटा असतो, तर मायोक्लोनसचा उगम पुष्कळदा मेंदूच्या बाह्यस्तरात आढळतो.

डोपामिनची ही उणीव १९६० साली व्हिएन्नात सिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी तेथे, ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते लेव्होडोपा रुग्णांना टोचण्यात आले. हेच द्रव्य आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच वेगळे केले होते, हे मराठी वाचकाने अभिमानाने जाणावे. मात्र या द्रव्याच्या मात्रेचा निर्णय वैद्यावरच सोपवावा.

मेंदूतील निग्रहाची यंत्रणाच बिघडली असता रुग्णाच्या इच्छाशक्तीला दोष देणे हे अज्ञान आहे, आणि आता ते क्षम्यही राहिलेले नाही. टिक असलेल्या मुलाला शाळेत शिक्षा करणारे, किंवा डळमळत चालणाऱ्याला दारुडा समजून हाकलणारे, आजारी माणसाकडून त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीचा जाब मागत असतात. त्यांनी जाब विचारण्याऐवजी रुग्णाला मज्जाविकारतज्ज्ञाकडे पोहोचवावे. तेवढे केले तरी अर्धा उपचार झाला.