एकच लाइन, दोन आकडे

एका महाविद्यालयात इंटरनेटची लाइन सेकंदाला २०० मेगाबिट क्षमतेची आहे, असे समजू. दुपारी बाराच्या सुमारास संगणक प्रयोगशाळेतून तक्रार येते, की पाने उघडतच नाहीत. नेटवर्क सांभाळणारे सर देखरेखीच्या प्रोग्रॅमचा आलेख पाहतात. लाइनवरून सेकंदाला जेमतेम साडेपाच मेगाबिट माहिती वाहत असल्याचे तो दाखवतो. म्हणजे लाइन जवळजवळ रिकामीच! शेजारच्या संगणकावर दुसरा एक प्रोग्रॅम चालू आहे. तोही त्याच राउटरकडून, त्याच लाइनची माहिती घेतो. तो मात्र १२० मेगाबिट हा आकडा दाखवतो.

विश्वास कोणावर ठेवायचा? पहिला आकडा खरा मानला तर मुलांची तक्रार खोटी ठरते. दुसरा खरा मानला तर कदाचित मोठ्या लाइनसाठी संस्थेपुढे खर्चाचा प्रस्ताव ठेवावा लागेल. अशा वेळी बहुधा राउटरवर खापर फुटते. तो बिघडला असावा, म्हणून तो बंद करून पुन्हा सुरू केला जातो. राउटरने मात्र दोन्ही प्रोग्रॅमना अगदी खरी उत्तरे दिलेली असतात. ती कशी, हे समजण्यासाठी वेग मोजतो कोण, ते आधी पाहू.

राउटर, स्विच यांसारख्या उपकरणांत एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला एजंट म्हणतात. बाहेरचा देखरेखीचा प्रोग्रॅम त्याला ठरावीक वेळाने प्रश्न विचारतो आणि एजंट उत्तर देतो. ही प्रश्नोत्तरे कोणत्या नियमांनी व्हावीत ते 'एसएनएमपी' या संकेतात ठरवलेले आहे. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला आणि आजही सर्रास वापरात आहे. गंमत अशी की या व्यवस्थेत एजंट सहसा वेग मोजतच नाही. राउटर सुरू झाल्यापासून या लाइनवरून एकूण किती बाइट गेले, एवढेच तो मोजत राहतो. विजेचा मीटर जसा आत्ता किती वीज जळते आहे ते न सांगता एकूण युनिट दाखवतो, तसेच हे. प्रोग्रॅम दोन वाचने घेतो, वजाबाकी करतो, मधल्या सेकंदांनी भागतो आणि आठाने गुणून बाइटचे बिट करतो. आलेखावरचा वेग हा असा गणिताने काढलेला असतो.

विजेच्या जुन्या मीटरला किंवा स्कूटरच्या किलोमीटर दाखवणाऱ्या यंत्राला ठरावीक अंकांची घरे असत. ९९९९९ नंतर पुन्हा ०००००. एजंटच्या मूळ काउंटरला ३२ द्विमान अंकांची, म्हणजे ३२ बिटची घरे आहेत. त्यात ० पासून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंतचे आकडे मावतात. आणखी एक बाइट गेला की काउंटर पुन्हा शून्यावर.

हे ठरवणारे लोक कोत्या विचाराचे होते, असे समजू नये. भारतातील शिक्षण व संशोधन संस्थांचे 'एर्नेट' हे जाळे त्याच काळात उभे राहत होते आणि तेव्हा मुंबई-दिल्ली जोडणाऱ्या लाइनचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. अशी लाइन अहोरात्र भरून वाहिली तरी ३२ बिटचा काउंटर एक फेरी पूर्ण करायला ४१ दिवस घेईल. सेकंदाला १० मेगाबिटच्या स्थानिक जाळ्यावरही फेरीला ५७ मिनिटे लागतात. दर पाच मिनिटांनी वाचन घेणाऱ्याला ही सवड भरपूर होती. पुढे लाइनी वेगवान झाल्या. १०० मेगाबिटला फेरीचा वेळ पावणेसहा मिनिटांवर आला आणि १००० मेगाबिटला अवघ्या ३४ सेकंदांवर.

आता आपल्या महाविद्यालयाचा हिशेब करू. पहिला प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी, म्हणजे ३०० सेकंदांनी वाचन घेतो. समजा पहिले वाचन १०० कोटी आले. लाइनवरून खरोखरच सरासरी १२० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला दीड कोटी बाइट वाहत आहेत. ३०० सेकंदांत ४५० कोटी बाइट जातील आणि काउंटर ५५० कोटी दाखवायला हवा. पण एवढा आकडा त्याच्या घरांत मावत नाही. एक फेरी पूर्ण करून तो १२० कोटी ५० लाख ३२ हजार ७०४ वर उभा असेल. प्रोग्रॅम १०० कोटी वजा करतो. उरतात २० कोटी ५० लाख ३२ हजार ७०४ बाइट. ३०० ने भागून आठाने गुणा: सेकंदाला सुमारे साडेपाच मेगाबिट!

येथे एक बारकावा आहे. काउंटर फेरी पूर्ण करतो हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ठाऊक असते. नवे वाचन जुन्यापेक्षा लहान आले तर एक फेरी झाली असे धरून ते फेरीएवढी भर घालतात. पण आपल्या उदाहरणात नवे वाचन जुन्यापेक्षा मोठेच आहे! शंका यायला जागाच नाही. दुसरा प्रोग्रॅम दर मिनिटाला वाचन घेतो. मिनिटात ९० कोटी बाइट जातात, म्हणजे फेरीच्या पावभागाहूनही कमी. त्यामुळे त्याचे उत्तर बरोबर येते.

गणिताच्या शिक्षकांना यात घड्याळाचे अंकगणित दिसले असेल. तासकाटा तीनवर पाहिला आणि नंतर पाचवर पाहिला, तर मध्ये २ तास गेले, १४ गेले की २६? काटा सांगू शकत नाही. जुन्या चित्रपटांत धावत्या टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यामागेही हेच कारण असते. दोन चित्रांच्या मधल्या वेळात चाक किती फिरले ते कॅमेऱ्याला कळत नाही.

हे वर्गात चिंचोक्यांनी करून दाखवता येते. एका विद्यार्थ्याने दर सेकंदाला एक चिंचोका डब्यात टाकावा आणि एकूण संख्येचा फक्त एककस्थानचा अंक पाटीवर लिहीत जावे. दुसऱ्याने दर ४ सेकंदांनी पाटी पाहावी, तिसऱ्याने दर १२ सेकंदांनी. दोघांनी आपापल्या वाचनांवरून चिंचोके पडण्याचा वेग काढावा. तिसऱ्याला प्रत्येक वेळी अंक दोननेच पुढे गेलेला दिसेल आणि तो सहा सेकंदांना एक चिंचोका पडतो असे छातीठोकपणे सांगेल. पाटी लिहिणाऱ्याने काहीच चूक केलेली नाही, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते.

प्रत्यक्षात असा दोष ओळखण्याची खूण आलेखाच्या आकारात असते. पाच मिनिटांच्या वाचनासाठी धोक्याची रेषा सुमारे साडेएकशेचौदा मेगाबिटवर येते. आलेख सकाळपासून चढत चढत तिथपर्यंत जातो आणि कडा तुटल्यासारखा खाली कोसळतो. गर्दीच्या ऐन तासाला लाइन सर्वांत रिकामी दिसते. खात्री करायची तर वाचनांमधील अंतर कमी करून पाहावे. आकडा बदलला तर शंका पक्की झाली, कारण किती वेळा पाहिले यावर वाहणारी माहिती अवलंबून नसते. यावर ६४ बिटचे काउंटर हा उपाय आहे आणि नव्वदच्या दशकातच तो संकेतात आला. आपल्या २०० मेगाबिटच्या लाइनीला असा काउंटर भरायला तेवीस हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटचा काउंटर मागण्याची सोयच नाही. राउटर नवा असूनही देखरेखीचा प्रोग्रॅम पहिल्या आवृत्तीवर ठेवलेला असेल, तर तो जुन्याच काउंटरकडे पाहत बसतो. माझ्या मते तपास येथूनच सुरू करावा.

उलट प्रकारही घडतो. राउटर बंद करून सुरू केला की काउंटर शून्यापासून सुरू होतो. नवे वाचन लहान आले म्हणून प्रोग्रॅम फेरी पूर्ण झाली असे समजतो आणि आलेखावर एक गगनचुंबी सुळका उमटतो. १० मेगाबिटच्या लाइनीवर ३५ मेगाबिट दिसले तर ते अशक्य आहे हे निदान कळते तरी. हा गोंधळ टाळण्यासाठी एजंटला 'तू किती वेळ चालू आहेस?' असेही विचारतात. पण तो काळही ३२ बिटमध्ये आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेला असतो. त्यामुळे ४९७ दिवस आणि सुमारे अडीच तासांनी तोही शून्यावर येतो, आणि दीड वर्षाजवळ अखंड चाललेले उपकरण आत्ताच सुरू झाले, असे वाटते! शिवाय हा काळ एजंट सुरू झाल्यापासूनचा असतो. यंत्र चालूच राहून फक्त एजंट पुन्हा सुरू झाला, तर यंत्राचे वय एक आणि एजंटने सांगितलेले दुसरेच.

पिंगला राउटर उत्तर देतो, पण एजंट गप्प, असेही अनेकदा दिसते. राउटरचे मुख्य काम माहिती पुढे पाठवण्याचे. एजंटला उत्तर द्यायला तो सवड मिळेल तशीच देतो. म्हणून आलेखात पडलेल्या मोकळ्या जागा पुष्कळदा ऐन कामाच्या वेळच्या असतात.

आता दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळू. त्याचा १२० मेगाबिट हा आकडा बरोबर आहे. पण त्याखाली तो लिहितो: 'वापर १२ टक्के'. २०० पैकी १२० म्हणजे ६० टक्के व्हायला हवेत. प्रोग्रॅमने लाइनची क्षमता एजंटला विचारली आणि एजंटने राउटरच्या त्या जोडणीची क्षमता सांगितली: १००० मेगाबिट. आपण पैसे मोजून घेतलेली लाइन २०० ची आहे, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलेच नाही. भागाकारातला छेद हाताने भरावा लागतो आणि तो भरायचे बहुतेक ठिकाणी राहून जाते.

बरे, ६० टक्के वापर असताना पाने का उघडू नयेत? १२० ही सरासरी आहे, हे याचे उत्तर. पाच मिनिटांपैकी अडीच मिनिटे लाइन २०० मेगाबिटने तुडुंब भरलेली आणि उरलेली अडीच मिनिटे ४० मेगाबिटने वाहत असेल, तरी सरासरी १२० च येते. शाळेच्या नळावर मधल्या सुट्टीत झुंबड असते. दिवसभराची सरासरी काढली तर नळ मोकळाच होता असे दिसेल. तहानलेल्या मुलाला सरासरीशी काय करायचे? प्रयोगशाळेत चाळीस मुले एकाच वेळी तेच पान उघडतात तेव्हा पहिली काही सेकंदेच महत्त्वाची असतात. त्या सेकंदांपुरते पाहिले तर तक्रार करणारी मुले हे पाच मिनिटांच्या आलेखापेक्षा अधिक सूक्ष्म मापनयंत्र आहे.

तक्रारीचा शोध नंतर घेणे आणखी कठीण जाते. टोबियास ओटिकर यांनी १९९५ साली लिहिलेला 'एमआरटीजी' हा प्रोग्रॅम या कामासाठी जगभर वापरला गेला. तो दिवसाचा आलेख पाच मिनिटांच्या, आठवड्याचा अर्ध्या तासाच्या, महिन्याचा दोन तासांच्या आणि वर्षाचा पूर्ण दिवसाच्या सरासरीने काढतो. जागा वाचवण्यासाठी जुनी वाचने अशी एकत्र करण्याची पद्धत नंतरच्या अनेक प्रोग्रॅमनीही उचलली. म्हणून आज दुपारी दिसलेले शिखर महिन्याभराने त्याच दिवसासाठी निम्म्यावर आलेले दिसते. मुलांनी तक्रार केली त्या दिवसाचा आलेख त्याच दिवशी छापून ठेवावा आणि त्यावर तक्रारीची नेमकी वेळ, वाचनांमधील अंतर आणि काउंटर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे लिहून ठेवावे.