तीन कोपरे चौकोनी, एक गोल

मध्ययुगीन युरोपात किल्ल्याच्या तटाआड एक उंच, भक्कम बुरूज बांधीत. धन्याचे राहते घर तेच आणि शेवटचा आसराही तोच. इंग्लंडमधील केंट परगण्यात, मेडवे नदीच्या काठी, रॉचेस्टर येथे असा एक बुरूज आज छपराविना उभा आहे. त्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत, आग्नेयेचा मात्र गोल. असे का झाले, यातच त्याचा इतिहास आहे.

११२७ मध्ये पहिल्या हेन्री राजाने हा किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपकडे सोपविला. आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल याने बुरूज उभारला. उंची सुमारे ११३ फूट. पायथ्याशी भिंती सुमारे १२ फूट जाड. प्रवेशद्वार जमिनीलगत नसून वरच्या मजल्यावर आहे. मधली आडवी भिंत इमारतीचे दोन भाग करते. विहीर याच भिंतीत असल्याने प्रत्येक मजल्यावरून पाणी शेंदता येई.

१२१५ मध्ये बंडखोर सरदारांनी या बुरुजाचा आश्रय घेतला. जॉन राजाने वेढा घातला, यंत्रांनी दगडांचा मारा केला. पण बुरूज ढळेना. तेव्हा आग्नेय कोपऱ्याखाली भुयार खणून वरचा भार लाकडी टेकूंवर तोलला. राजाने चाळीस लठ्ठ डुकरे मागविली. त्यांच्या चरबीने आग भडकली, टेकू जळाले आणि कोपरा कोसळला. तरीही सरदार मधल्या भिंतीआड हटून लढत राहिले. अखेर उपासमारीने ते शरण आले.

माझे वडील गवंडी आहेत. "कोपरा गेला की भिंत गेली," असे ते नेहमी म्हणतात. चौकोनी कोपऱ्याचे दगड शत्रूला पहारीने उचकटता येतात. गोल भिंतीला असा उघडा कोपराच नसतो. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत पडलेला भाग पुन्हा बांधला, तो गोल.

पुढे छप्पर गेले, लाकडी मजलेही गेले. तुळयांची भोके मात्र भिंतीत रांगेने दिसतात आणि कोणता मजला कुठे होता ते सांगतात.

इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि आर्चबिशप नावानिशी भेटतात. गवंड्याची ओळख मात्र त्याच्या कामावरूनच पटते. म्हणून, मित्रहो, पडक्या वास्तूजवळ गेल्यावर ती कोणी बांधली एवढेच विचारून थांबू नये. ती कुठे पडली आणि कशी सांधली, हेही निरखून पाहावे.