ओढा उतरेपर्यंत

माझे आजोबा अकरा वर्षे एका अमेरिकन पाद्र्याची बैलगाडी हाकत होते. आम्ही नातवंडे त्यांना तात्या म्हणत असू. नेवासे तालुक्यातले आमचे गाव, गावाबाहेर मिशनचा बंगला, बंगल्याच्या कंपाउंडात एक जुना लिंब. दुपारी तात्या त्या लिंबाखाली बसून फडक्यात बांधून आणलेली भाकरी खात आणि घरून आणलेल्या तांब्यातले पाणी पीत. बंगल्यावरचे पाणी चालत नसे. पाद्र्याची नोकरी चाले, पगार चाले, गाडीत शेजारी बसलेलाही चाले. पाणी मात्र नाही. आज हे वाचताना चमत्कारिक वाटेल, पण 1910 नंतरच्या त्या दशकात आमच्या भागात हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. पाद्र्यालाही नाही.

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन ठरावीक चित्रे आहेत. एक, हातात औषधाची पेटी घेतलेला दयाळू साहेब. दुसरे, धान्याच्या पोत्याआड धर्म विकणारा कावेबाज पाद्री. मिशनचे छापील अहवाल चाळले तर त्यांत शाळा किती, हजेरी किती, बाप्तिस्मे किती, असा जमाखर्च असतो. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. ही माणसे रोज सकाळी उठून नेमके काय करीत? बुटात विंचू निघाला तर? वाळवी पुस्तकांच्या कपाटात शिरली तर? मला हे ठाऊक आहे, ते तात्यांमुळे.

बंगला म्हणजे तरी काय, जाड भिंतींचे, कौलारू, भोवताली पडवी असलेले घर. जेवणाच्या टेबलाचे आणि कपाटांचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत उभे असत, मुंग्यांसाठी. त्या वाट्यांतले पाणी रोज बदलायला एक पोऱ्या होता आणि तो दोन दिवस आजारी पडला की मुंग्यांचे राज्य. एप्रिलमध्ये दारांना वाळ्याच्या ताट्या लावीत आणि त्यांवर पाणी मारीत. रात्री मच्छरदाणी. सकाळी बूट घालण्यापूर्वी उलटा करून दोनदा आपटायचा, हा पहिला धडा. न्हाणीघराच्या मोरीतून जनावर आत येई. तात्या सापाला रात्री साप म्हणत नसत, 'लांबडं' म्हणत. मडमबाई मात्र सुरुवातीला "साप! साप!" असे ओरडत आणि गडीमाणसांना सापापेक्षा त्या ओरडण्याचीच भीती वाटे.

मडमबाईंचे मराठी हा स्वतंत्र विषय आहे. त्या काळी नव्या मिशनऱ्याला पहिली एक-दोन वर्षे भाषाच शिकावी लागे, परीक्षा द्यावी लागे, आणि शिकवायला बहुधा ब्राह्मण पंडित असे. परिणामी मडमबाई गावात उतरल्या त्या पुस्तकी मराठी घेऊन. "उष्ण पाणी सिद्ध आहे काय?" असे त्या स्वयंपाक्याला विचारीत आणि तो बिचारा साहेबाला बोलावून आणी. पाद्रीसाहेबांची तऱ्हा उलटी. त्यांना बोलायला भीड नव्हती, पण जिभेला 'भ' वळत नव्हता. एका गावी मुक्काम असताना त्यांनी पाटलाकडे दोन 'बकरी' मागितल्या. पाटील पेचात पडला. पाहुणा साहेब, नाही कसे म्हणायचे? तासाभराने दोन शेळ्या राहुटीपुढे आणून बांधल्या. भाकरी मग तात्यांनी मागून आणल्या. शेळ्या परत करताना साहेब स्वतः हात जोडून क्षमा मागत होते आणि सगळा गाव हसत होता. त्या मुक्कामाला प्रवचनाला कधी नव्हे एवढी गर्दी झाली म्हणे.

भाषेची ही लढाई फार जुनी. कोकणात बाणकोट-हर्णैला स्कॉटिश मिशनरी 1820 नंतर आले. त्यांच्यातले रॉबर्ट नेस्बिट 1827 मध्ये आले आणि पुढे त्यांचे मराठी असे झाले की, पडद्याआडून ऐकणाऱ्याला बोलणारा साहेब आहे हे कळत नसे, अशी ख्याती होती. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईत चौपाटीसमोर उभे आहे, त्यांनीही 1829 मध्ये पहिले मराठी गिरवले ते हर्णैलाच. सगळेच नेस्बिट नव्हते. पण जे शेळ्या मागत ते लोकांना अधिक जवळचे वाटत असावेत, असा माझा आपला अंदाज.

दिवाळीनंतर फिरती सुरू होई. दोन गाड्या: एकीत राहुट्या, खाटा, भांडीकुंडी, दुसरीत साहेब, मडम, औषधांची पेटी आणि जादूचा कंदील. हा कंदील म्हणजे काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणारे यंत्र. अंधार पडला की दोन झाडांना चादर बांधायची आणि येशूचे चरित्र दाखवायचे. सोबत पेटी, टाळ आणि ख्रिस्ती कीर्तन. लोक मनापासून येत, चित्रे पाहत, अभंगाला माना डोलावत आणि सकाळी खंडोबाला नारळ फोडायला जात. तात्या म्हणत, "साहेबाला वाईट वाटायचं. पर दुसऱ्या गावी पुन्हा चादर बांधायचा." ही चिकाटी त्यांना फार आवडायची. कशासाठी चालली आहे ते पटत नव्हते, तरी आवडायची.

मडमबाई डॉक्टर नव्हत्या. तरी सकाळी सातला पडवीत रांग लागे: डोळे आलेले, खरूज झालेले, जंत झालेले, हिवतापाने पिवळे पडलेले. पेटीत क्विनाइन, टिंचर, कार्बोलिक, जुलाबाचे मीठ. क्विनाइनच्या पुड्या तेव्हा पोस्टातही विकत मिळत, पण पोस्ट दूर आणि पैसा त्याहून दूर. खरी डॉक्टरकी करणारे मिशनरी निराळे. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभे केले, 1928 पर्यंत ते चालवले आणि सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण मिरज आमच्यापासून कुठल्या कुठे. आम्हाला मोठा डॉक्टर म्हणजे नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. वीस-बावीस मैल आणि मध्ये ओढा.

हा मुलूख या माणसांना सोपा कधीच गेला नाही. मुंबईत 1813 मध्ये उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडे गेले, तेव्हा तिकडे पटकी पेटली होती. जवळची औषधे वाटून संपली. परतीच्या वाटेवर एका खेड्यातल्या देवळात रात्र काढली, पहाटे त्यांनाच पटकीने गाठले आणि 20 मार्चला दुपारपर्यंत सगळे आटोपले. वय 41. बरोबर दोन पोरसवदा मुले होती, त्यांनी घोंगडीत गुंडाळून शवपेटीशिवाय पुरले. नगरला अमेरिकन मिशनचे ठाणे 1831 च्या डिसेंबरात बसले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्यातले विल्यम हर्वी पटकीनेच गेले.

सगळेच काही असे करुण नाही. आमच्याच तालुक्यातल्या वडाळ्याला अनेक वर्षे काढलेले सॅम्युएल फेअरबँक पाखरांचे वेडे होते. पळणीच्या डोंगरातल्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' हा शब्द त्यांच्यामुळे आला आहे. आत्मे किती वाचले ते देव जाणे, पाखरू मात्र पक्के नोंदले गेले.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1876 ते 78 चा आणि पुढे 1899-1900 चा दुष्काळ, या दोन्ही वेळी मिशनच्या कामांवर आणि अनाथालयांत माणसे जगली आणि त्यानंतर ख्रिस्ती झालेल्यांची संख्याही फुगली. 'दुष्काळी ख्रिस्ती' हा टोमणा त्यातूनच आला. पोटासाठी झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण महारवाड्यातल्या पोराला पाटी-पेन्सिल घेऊन ओट्यावर बसता आले ते आमच्या गावात पहिल्यांदा मिशनच्या शाळेत. आमच्या चावडीवरच्या मंडळींनी, त्यांत माझे पणजोबाही आले, ती शाळा बंद पाडायचा प्रयत्न केला होता. तेव्हा टोमणा मारण्याआधी मला जरा थांबावे लागते.

आता त्या रात्रीविषयी.

1921 चा पावसाळा. साहेब कामासाठी नगरला गेलेले. त्यांची चार वर्षांची मुलगी दोन दिवस तापाने पडून होती. तिसऱ्या दिवशी तिच्या घशात पांढरा पडदा दिसला. घटसर्प. त्यावरचे प्रतिविष नगरच्या इस्पितळात. मडमबाईंनी तिन्हीसांजेला गाडी जुंपायला सांगितली. पोरीला मांडीवर घेऊन त्या आत बसल्या, तात्यांनी कंदील धुरीला बांधला. चार मैलांवर ओढा. वर कुठे पाऊस झाला होता कोण जाणे, ओढा दोन्ही थड्या भरून चालला होता.

तात्यांनी काठी घालून पाणी पाहिले. मडमबाई म्हणाल्या, "घाल." तात्या म्हणाले, "मडमबाई, आता घातली तर बैलं, पोर, समदी जातील. वाईच थांबा, पानी उतरंल." त्या पुन्हा म्हणाल्या, "घाल." तात्यांनी बैल सोडले आणि बाभळीला बांधले.

पाणी उतरले पहाटे तीनच्या सुमाराला. तोवर मुलगी गेली होती.

ही हकिगत तात्यांनी मला तीनदा सांगितली. पहिल्या वेळी पाणी त्यांच्या डोक्यावरून होते. दुसऱ्या वेळी छातीवर. 1968 मध्ये, त्यांच्या शेवटच्या आजारात, मी उशाशी बसलो होतो. ते आपणहून म्हणाले, "कंबरंवर असंल रं. सर्ज्यानं काढलं असतं." मी म्हणालो, "तात्या, रात्रीचा पूर, कुणाला कळणार?" ते काही बोलले नाहीत. मी तेव्हा शिक्षक झालो होतो, लोकांना समजावण्याचा पगार घेत होतो, पण मला पुढे काही सुचले नाही. पुढे मी तो ओढा पावसाळ्यात अनेकदा पाहिला. कधी घोटा बुडत नाही, कधी बैलगाडीच काय, एसटी थांबते.

उजाडता गाडी बंगल्यावर परतली. स्वयंपाकी रडत मागच्या दाराशी बसला होता. सुताराला बोलावणे धाडले, पुस्तकांच्या खोक्याच्या फळ्या काढून पेटी करायला. मडमबाई आत गेल्या. तात्या लिंबाखाली बैलांना पेंढा टाकीत उभे होते. थोड्या वेळाने मडमबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात तामचिनीचा मग होता. त्यात चहा होता, स्वतः केलेला. त्यांना सगळे ठाऊक होते: तांब्या, फडके, अकरा वर्षे. तरी त्यांनी मग पुढे केला. शब्द एकच बोलल्या: "घे."

तात्यांनी घेतला आणि प्याले.

गावात हे कुणाला कळले नाही, निदान कुणी बोलले नाही. पुढच्या वर्षी साहेब-मडम रजेवर अमेरिकेला गेले ते परतले नाहीत. सामानाची वाटणी झाली. कुणी खुर्ची नेली, कुणी कंदील. तात्यांनी तो मग मागून घेतला. आजीने तो स्वयंपाकघरात येऊ दिला नाही, म्हणून तो गोठ्यात खुंटीला टांगला गेला. काठाचा मुलामा उडालेला, बुडाला काळा डाग. माझ्या लहानपणी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, तात्या तो काढीत, त्यात तेल-हळद कालवीत आणि बैलांचे खांदे बराच वेळ चोळत बसत.