जीव कोणत्या आठवड्यात?

मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्ये, गर्भाच्या हृदयात दोष असूनही, तेव्हाची 20 आठवड्यांची मर्यादा उलटल्यावर मागितलेल्या गर्भपाताला परवानगी नाकारली होती. अशा मर्यादेमागे जो प्रश्न आहे, माणसाचे आयुष्य नेमके केव्हा सुरू होते, त्यावर एकमत कधीच नव्हते. चरकसंहिता जीवाचा प्रवेश गर्भधारणेच्या वेळीच मानते, गर्भोपनिषद सातव्या महिन्यात. कॅथलिक चर्च फलनाचा क्षण धरते, तर अनेक मुस्लिम धर्मशास्त्री 120 दिवस. विज्ञानही एका क्षणावर बोट ठेवत नाही, टप्पे दाखवते. फलित पेशीत नवा जनुकसंच असतो, पण साधारण 14 दिवसांपर्यंत तिच्यातून जुळी होऊ शकतात; सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत धडधड दिसते; गर्भाशयाबाहेर तगण्याची शक्यता 24 आठवड्यांच्या आसपास वाढते.

म्हणूनच कायद्याने टप्पे मानले हे मला योग्य वाटते. शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर 1971 चा गर्भपाताचा कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे केली आणि गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर ती मर्यादाही उठवली. जीव पहिल्याच दिवसापासून असेल तर आठवडे मोजणे अन्याय्य, हा आक्षेप गंभीर आहे. पण गर्भ जिच्या शरीरात वाढतो तिचा जीव निर्विवाद आहे. वादग्रस्त उत्तरासाठी तिच्यावर सक्ती नको. गर्भाला कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाही: 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पोटातल्या मुलालाही वारसा आहे, मात्र ते जिवंत जन्मले तरच.