रणगाड्यांची हौस आणि कोकण : एक मागोवा

जुन्या लष्करी गाड्या चालत्या ठेवायच्या, त्या काळचा गणवेश चढवायचा आणि इतिहासातला एखादा रणप्रसंग मोकळ्या मैदानात पुन्हा उभा करायचा, हा छंद पश्चिमेत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजला. लढाईची सोंगे त्याआधीही निघत. स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन येथे १८३९ साली उमरावांनी चिलखते घालून मध्ययुगीन भाल्यांच्या झुंजी भरवल्या आणि पावसाने सगळ्या थाटाचा चिखल केला. चिलखती गाड्यांचा छंद मात्र महायुद्धाने मागे टाकलेल्या मालावर पोसला. युद्ध संपल्यावर जीप, ट्रक, टेहळणीच्या गाड्या लिलावात स्वस्तात निघाल्या. ब्रिटनमध्ये १९६८ साली अशा गाड्या जपणाऱ्यांची संघटना झाली. तीच आजची मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट. केंट परगण्यात १९८२ पासून ‘वॉर अँड पीस’ हा मेळा भरू लागला. बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयाने ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये हाती लागलेला जर्मन ‘टायगर १३१’ दुरुस्त करून २००३ च्या सुमारास पुन्हा चालता केला, आणि तेथील ‘टँकफेस्ट’ला तो बघायला जगभरातून लोक येऊ लागले. तिथे तोफ निकामी केलेली चिलखती गाडी खासगी मालकीची असू शकते, आणि ती ठेवायला शेतावरचे गोदामही बहुधा असते.

महाराष्ट्रात रणगाडे काही कमी आले नाहीत, पण ते लोकांच्या हाती कधी पडले नाहीत. या छंदाचा इथला सगळा इतिहास या एका फरकातून घडला. रणगाडा सैन्याकडे आणि संग्रहालयात राहिला, जीप लोकांना मिळाली, आणि रणप्रसंग पुन्हा जगण्याची हौस गडकिल्ल्यांकडे वळली.

रणगाड्यांचे मराठी मुलखातले घर म्हणजे नगर, आताचे अहिल्यानगर. १९२० च्या दशकात ब्रिटिश टँक कोअरच्या चिलखती मोटारींच्या कंपन्या भारतात होत्या आणि त्यांचे शिक्षण नगरच्या छावणीत होई. घोडदळाचे घोडे जाऊन गाड्या येण्याला १९३८ मध्ये सुरुवात झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये वेगवेगळ्या प्रशिक्षण संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. शहराबाहेरचे खारे-कर्जुने येथील गोळीबाराचे मैदान आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था यांमुळे नगरकरांना रणगाड्याचा आवाज परका उरला नाही. पुणे आणि दख्खन ही नावे तर रेजिमेंटांनाच चिकटलेली आहेत. त्यांतल्या पूना हॉर्सचे मूळ १८१७ च्या पुणे तहात आहे. पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांनी जे घोडदळ उभारले, त्याचीच ही पुढची पिढी. पेशवाईच्या पैशातून उभे राहिलेले घोडदळ पेशवाईच्याच विरुद्ध लढले, हा इतिहासाचा चावटपणा म्हणावा लागेल.

पुन्हा उभे करावेत असे रणगाड्यांचे प्रसंग मराठी मुलखाशी नाते असलेल्या माणसांच्या नावावरही पुष्कळ आहेत. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांसाठी त्यांनी वाटेतले सुरुंग काढले. पुढच्या रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत ते सुरुंगांच्या पट्ट्यातून गेले, आणि त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये फिल्लोरा आणि बुटुर-डोगरांडीच्या लढायांत सेंच्युरियन रणगाड्यांच्या पूना हॉर्सचे नेतृत्व केले आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. त्याच महिन्यात असल उत्तर येथे डेक्कन हॉर्सच्या जुन्या शर्मन रणगाड्यांनी नव्याकोऱ्या पॅटन रणगाड्यांना उसाच्या शेतांत अडवले, तेव्हा त्या रेजिमेंटचे प्रमुख अरुणकुमार वैद्य होते. त्यांना १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीर चक्र मिळाले आणि पुढे ते सरसेनापती झाले. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये लढताना पडले, तो ‘फॅमागुस्टा’ रणगाडा नगरला जपून ठेवला आहे.

रत्नागिरी जिल्हा सैनिकांचा जिल्हा. मंडणगड, दापोली, खेड या भागांतून पूर्वीपासून माणसे पलटणीत गेली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या सकपाळ घराण्यातले सुभेदार रामजी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, त्यांपैकीच. पण हे सगळे पायदळ. रणगाडा कोकणात येण्याचे कारण सहसा नसते. घाटांची वळणे, खाड्या, लाल मातीचा चिखल आणि अरुंद मोऱ्या यांमुळे पन्नास टनांच्या यंत्राला इथे वावच नाही. तरीही एकदा रणगाडे आले, आणि तोच या प्रदेशातला चिलखती युद्धाचा खरा प्रसंग ठरला.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्याची मोहीम आखली गेली तेव्हा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. सावंतवाडी आणि दोडामार्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या हाताखालच्या १७ इन्फन्ट्री डिव्हिजनने पूर्वेकडून चढाई करायची आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडने उत्तरेकडून दुय्यम भूमिका बजावायची, अशी मूळ योजना होती. ही ब्रिगेड सावंतवाडीच्या मुलखातून दोडामार्गमार्गे १८ डिसेंबरच्या पहाटे गोव्यात शिरली. तिच्या तीन फळ्या होत्या. पूर्वेकडच्या फळीत मराठा पॅराची दुसरी बटालियन होती आणि तिने उसगावमार्गे फोंड्याची वाट धरली. मधली पंजाब पॅराची पहिली बटालियन बाणस्तारीकडे गेली. पश्चिमेकडच्या फळीत शीख लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन आणि तिच्या जोडीला रणगाडे होते. ७ लाइट कॅव्हलरीची तुकडी त्यांत होती. हीच रेजिमेंट नोव्हेंबर १९४८ मध्ये आपले स्टुअर्ट रणगाडे झोजी खिंडीत चढवून गेली होती. ८ लाइट कॅव्हलरीचे फ्रेंच एएमएक्स-१३ रणगाडेही होते. सुमारे पंधरा टनांचा हा हलका रणगाडा, ७५ मिलिमीटर तोफेचा आणि मध्ये सांधा असलेल्या, वरचा भाग तोफेसह खाली-वर होणाऱ्या टरेटचा. ओढ्या-नाल्यांच्या या मुलखाला तोच साजेसा होता.

पोर्तुगिजांनी पूल उडवले होते, पण प्रतिकार थोडा होता. पश्चिमेची फळी थिवीवरून संध्याकाळी मांडवीकाठच्या बेतीला पोचली. समोर पणजीचे दिवे दिसत होते. नदी ओलांडण्याचा हुकूम मात्र दुसऱ्या दिवशीचा होता. १९ डिसेंबरला सकाळी पणजी ताब्यात आली. त्याच धामधुमीत आग्वाद किल्ल्यात डांबलेल्या राजकीय कैद्यांना सोडवायला ७ लाइट कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिधू आणि कॅप्टन विनोद सहगल गेले. किल्ल्यातून झालेल्या गोळीबारात दोघेही मारले गेले. दुय्यम समजली गेलेली ब्रिगेड राजधानीपर्यंत सर्वांआधी पोचली. गोव्याचा मुक्तिदिन दरवर्षी १९ डिसेंबरला साजरा होतो, पण ज्या वाटेने रणगाडे गेले ती दोडामार्ग ते बेती वाट पर्यटकांना माहीत नाही. युरोपात अशा वाटेवर दरवर्षी जुन्या गाड्यांचा ताफा निघाला असता.

तो इथे निघत नाही, याची कारणे कायद्यात आहेत. शस्त्र कायदा १९५९ मध्ये तोफा आणि रणगाडाविरोधी शस्त्रे प्रतिबंधित शस्त्रांत मोडतात, स्वयंचलित बंदुकाही. सैनिक असल्याचा समज व्हावा अशा हेतूने गणवेश घालणे भारतीय दंड संहितेच्या कलम १४० पासून गुन्हा आहे, आणि नव्या न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. निवृत्त रणगाडा सैन्याकडून मिळतो तो संस्थांना, निकामी करून, चौथऱ्यावर ठेवण्यासाठी. अवडीच्या कारखान्यात १९६५ पासून तयार झालेले विजयंता आणि सोव्हिएत बनावटीचे टी-५५ सेवेतून बाहेर पडल्यावर देशभरातल्या चौकांत आणि छावण्यांच्या वेशीवर असे उभे राहिले. त्यांवर मुले चढतात, फोटो काढतात, आणि रंगवणारा जवळच्या दुकानात असेल तो हिरवा रंग फासतो. लोकांना इतिहासाची आठवण व्हावी म्हणून ठेवलेला रणगाडा आपल्या मूळ रंगालाही मुकतो, हे खेदाचे आहे.

या बाबतीत नगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम वेगळे आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये ते उघडले आणि त्यात देशोदेशीच्या सुमारे पन्नास चिलखती गाड्या आहेत. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चासीवर बांधलेली चिलखती मोटार त्यांतली सगळ्यांत जुनी. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे ब्रिटिश, ब्रह्मदेशाच्या आघाडीची आठवण देणारे जपानी, आणि युद्धांत हाती लागलेले पॅटन व शाफी असे रणगाडे एकाच आवारात बघायला मिळतात. रत्नागिरीच्या हौशी माणसाला घाट चढून दिवसभराचा प्रवास करावा लागतो, पण या विषयाची खरी शाळा तीच. १९७१ च्या गरीबपूरच्या लढाईवरच्या ‘पिप्पा’ या २०२३ च्या चित्रपटासाठी सैन्याने एक खरा पीटी-७६ पुन्हा चालता करून दिला. भारतात जुना रणगाडा लढाईच्या देखाव्यात धावलेला दिसतो, तो बहुधा असा कॅमेऱ्यासमोरच.

जीपची कथा निराळी. महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या आणि त्यांतल्या पुष्कळ भारतात राहिल्या. मुंबईत महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये विलीजचे सुटे भाग आणवून जोडणीला सुरुवात केली आणि १९४९ मध्ये माझगावला तिचे उत्पादन चालू झाले. त्यामुळे सुटे भाग, मिस्त्री आणि अनुभव हे तिन्ही महाराष्ट्रात मुरले. पुढे जबलपूरच्या लष्करी कारखान्याच्या जोंगा आणि शक्तिमान गाड्याही लिलावांतून बाहेर आल्या. कोकणात जीपने वर्षानुवर्षे माणसे, आंब्याच्या पेट्या आणि वऱ्हाडे वाहिली. ती हौसेची वस्तू झाली ती नव्या गाड्या आल्यानंतर. आता ‘लो बॉनेट’ की ‘हाय बॉनेट’ यावर हौशी लोकांत तासन्‌तास वाद रंगतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण पाच हजारांत. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा आणि गाडी व्यवसायाला वापरू नये, अशी अट आहे. रस्त्यावर ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती इतक्याच कारणांसाठी आणता येते. नियम दुचाकी-चारचाकींपुरता आहे; साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीला त्यात जागा नाही. डिझेल इंजिन बसवलेल्या बहुतेक जुन्या जीपही या अटीत अडतात, कारण आपल्याकडे गाडी टिकवण्याचा रूढ मार्ग इंजिन बदलण्याचाच होता.

रणप्रसंग पुन्हा उभा करण्याची हौस महाराष्ट्राने मोटारीविना भागवली. कोल्हापूरच्या तालमींत विटा, भाला, लाठी आणि दांडपट्टा यांचे मर्दानी खेळ टिकून राहिले. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा दर्जा मिळाला. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने १९८० च्या दशकापासून हत्ती-घोडे आणि शेकडो कलाकार रंगमंचावर आणले. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या शिवसृष्टीत शिवचरित्रातले प्रसंग माणसाएवढ्या शिल्पांतून तटबंदीच्या आत उभे केले आहेत. पन्हाळगड ते पावनखिंड ही पदभ्रमण मोहीम तर पुनर्दर्शनाच्या व्याख्येत सगळ्यांत चपखल बसते. १२-१३ जुलै १६६० च्या रात्रीचा शिवाजी महाराजांचा तो प्रवास त्याच महिन्यात, त्याच वाटेने, त्याच पावसात आणि चिखलात शेकडो लोक दरवर्षी करतात. वाटेचे टोक विशाळगड. त्याच्या पायथ्याला लांजा तालुक्यातली प्रभानवल्ली, म्हणजे रत्नागिरीची हद्द. गणवेश, ताफा, बंदुका काहीही नसताना स्थळ, ऋतू आणि शारीरिक श्रम यांतून इतिहास अंगावर घेण्याची ही पद्धत युरोपीय मेळ्यांपेक्षा कमी नाटकी आणि बरीच प्रामाणिक आहे.

रत्नागिरीत रणगाड्याचा छंद धरणाऱ्यापुढे सध्या दोन वाटा उरतात. पहिली, पस्तीस पट लहान केलेल्या प्रतिकृतींची. या मापात साडेसहा मीटर लांबीचा रणगाडा वीतभर होतो, आणि दोडामार्गची लाल वाट, तुटलेली मोरी आणि त्यावरून जाणारा एएमएक्स-१३ असा देखावा टेबलावर मांडता येतो. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यांवर वाढलेल्या हातांना हे काम परके वाटत नाही. दुसरी वाट जीपची, आणि तीत मुख्य शत्रू खारी हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर पत्रा आधी आतून सडतो: फ्लोअरच्या कोपऱ्यांत, चासीच्या पोकळ पट्ट्यांत, पाट्यांच्या पानांमध्ये. रंग देण्याआधी पत्रा उघडा करून गंज पूर्ण घालवावा लागतो. वरून पुटी भरून केलेले डेंटिंग दोन पावसाळे टिकत नाही. चासीच्या आत तेल किंवा मेण मारतात आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवतात. समुद्रावर फिरवून आणलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी लागते. जून ते सप्टेंबर ती आडोशाला उभी असते तेव्हा बॅटरी काढून ठेवतात, पेट्रोलची टाकी भरलेली ठेवतात म्हणजे आत दव धरत नाही. बॅटरी अधूनमधून ती जोडून इंजिन चालवतात आणि चाके थोडी पुढे-मागे करतात, नाहीतर ब्रेक ड्रमला चिकटून बसतात.