क्षणार्धातील निर्णय
झाशीच्या सदर बाजारातील गर्दीतून सराईत सायकलस्वार वाट काढतो, तेव्हा समोरचा माणूस कोणीकडे वळणार, हे तो त्याच्या खांद्यावरून आधीच ताडतो. निष्णात हॉकीपटूही असेच करतो. डोळ्यांना दिसल्यापासून हात हलेपर्यंत सुमारे एक पंचमांश सेकंद लोटतो. तेवढ्यात ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू ४ मीटर पुढे जातो. म्हणून चेंडू येण्यापूर्वीच तो सहकारी व प्रतिपक्षी यांच्या जागा हेरून ठेवतो. झाशीच्या ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारताने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८–१ असे हरविले. लोक त्यांना जादूगार म्हणत. परंतु अशा जादूचे मर्म दीर्घ सरावाने कमावलेल्या दृष्टीत असते. ती शाळेच्या मैदानावरही कमावता येते.